पर्ल व्हॅली की डी झाल्झे: केपच्या द्राक्षखोऱ्यात गोल्फकाठचं घर

केप टाउनच्या विमानतळापासून पाऊण तासाच्या आत डोंगर, द्राक्षमळे आणि गोल्फ यांच्या मधोमध घर हवं म्हणून शोधाशोध सुरू केली, की यादी भराभर आखडत जाते. शेवटी बऱ्याच जणांच्या हातात दोनच नावं उरतात. पार्ल आणि फ्रान्सहुक यांच्या मधली पर्ल व्हॅली, आणि स्टेलनबॉशच्या दक्षिणेला आर ४४ रस्त्यालगतचं डी झाल्झे. दोन्ही कुंपणबंद गोल्फ वसाहती, म्हणजे इस्टेटी. दोन्हीकडे अठरा होलचा कोर्स आणि विजेचं कुंपण आहे, माहितीपत्रकं तर एकाच माणसाने लिहिल्यासारखी. राहायला गेल्यावर मात्र दोन्ही जागा अगदी वेगळ्या लागतात, आणि तो फरक गोल्फ कोर्सपेक्षा कोर्सच्या भोवती जास्त आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: आठवड्यातून दोनदा मनापासून खेळणाऱ्याने पर्ल व्हॅली घ्यावी, इतर बहुतेकांनी डी झाल्झे. आणि ज्याच्या घरात कोणीच काठी हातात धरत नाही, त्याने दोन्हींचा नाद सोडावा.

मैदान

इथे पर्ल व्हॅली सरळ पुढे आहे. गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, म्हणजे मेजर, अशा १८ स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निकलॉसने आखलेला हा कोर्स २००३ मध्ये सुरू झाला आणि चार वर्षांतच तिथे दक्षिण आफ्रिकन ओपन खेळवली गेली. २००७, २००८ आणि २००९ असे सलग तीन डिसेंबर ही स्पर्धा पर्ल व्हॅलीतच झाली. जेम्स किंग्स्टन, रिचर्ड स्टर्न आणि रिची रॅम्झी हे तिथले विजेते. रॅम्झीने बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरवलं ते आपल्या शिव कपूरला, ही हळहळ अजून गेलेली नाही. कोर्सवर पाणी भरपूर, बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, मोठे, आणि चुकीच्या जागी पडलेल्या फटक्याला माफी नाही. हँडिकॅप (हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) वीसच्या वर असेल तर सुरुवातीचे काही महिने चेंडूंचा खर्च बघून घरातले प्रश्न विचारू लागतील.

डी झाल्झेचा कोर्स पीटर मॅटकोविचने आखलेला. केपमध्ये त्याने बरंच काम केलं आहे आणि जमिनीच्या मूळ चढउताराशी फारसं न भांडणं ही त्याची खासियत. ब्लाउक्लिपन नदी कोर्समधून वाहते, दोन होलच्या मध्ये द्राक्षाच्या ओळी येतात, कुठे ऑलिव्हची झाडं. स्पर्धेचं वलय नाही, पण घरातली चौघं वेगवेगळ्या ताकदीची असतील तर चौघांनाही इथे मजा येते. निकलॉसच्या कोर्सवर तसं होत नाही. तिथे एक जण खेळतो आणि बाकीचे चेंडू शोधतात.

द्राक्षमळे नक्की कुठे आहेत?

हा प्रश्न जागेवर उभं राहून विचारायचा. जाहिरातीतल्या चित्रात दोन्हीकडे मळेच मळे दिसतात.

पर्ल व्हॅली आता वॅल दे वी या मोठ्या इस्टेटचा भाग आहे. त्या बाजूला पोलोची मैदानं, घोडे, चालण्या-सायकलीच्या वाटा आणि काही मळेही आहेत. पण पर्ल व्हॅलीतल्या घराच्या ओसरीतून दिसतं ते प्रामुख्याने गवत, पाणी आणि मागे सायमन्सबर्ग किंवा ड्राकेन्स्टाइनचे डोंगर. दृश्य भव्य आहे, वाद नाही. मात्र वाइनचं खोरं इथे पार्श्वभूमीला असतं.

डी झाल्झेत मळे इस्टेटीच्या आतच आहेत, आणि क्लाइन झाल्झे ही वाइनरी अगदी शेजारी. म्हणजे तुम्ही चालू शेतीच्या मध्ये राहायला जाता. याचं सुख मोठं आहे. ऑगस्टमध्ये छाटलेले काळे बुंधे, सप्टेंबरात फुटणारी पोपटी पालवी, एप्रिल-मेमध्ये तांबूस होणारी पानं, असं वर्ष डोळ्यांसमोर फिरत राहतं. पण शेती म्हटलं की शेतीचा त्रासही आला. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत भुरीवर गंधक आणि इतर फवारण्या चालू असतात, आणि त्या वारा पडलेला असताना करायच्या म्हणून पहाटेच ट्रॅक्टर निघतात. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत काढणी. पांढऱ्या वाइनची द्राक्षं थंड असताना तोडावी लागतात, त्यामुळे या भागात रात्री दिवे लावून यंत्रं चालतात. घरात कोणाला दमा असेल किंवा झोप हलकी असेल, तर मळ्याला अगदी लागून घर घेऊ नका, दुसऱ्या रांगेतलं घ्या. दृश्य थोडं कमी होईल, किंमतही कमी होईल.

फेअरवेलगतच्या, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यालगतच्या घरालाही त्याचा वेगळा त्रास आहे, तो पर्ल व्हॅलीत जास्त जाणवतो. गवत कापायची यंत्रं पहिला खेळाडू यायच्या आत फिरून गेलेली असली पाहिजेत, म्हणजे उन्हाळ्यात उजाडतानाच आवाज सुरू. आणि चेंडू. बहुतेक हौशी खेळाडू उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचा चुकलेला फटका उजवीकडे वळतो. म्हणून टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, दोनशे-सव्वादोनशे मीटरवर, खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला असलेलं घर ही सगळ्यात धोक्याची जागा. तिथे काचा फुटतात, अंगणात लहान मुलांना मोकळं सोडता येत नाही, आणि इस्टेटीच्या नियमावलीत ही जोखीम सहसा घरमालकाच्याच माथी असते. टीच्या मागचं किंवा फेअरवेच्या डावीकडचं घर बघा. एजंट हे आपणहून सांगत नाही. शेजारच्या घराच्या छपराची कौलं नीट बघितली तर ती सांगतात.

ऊन, वारा, पाणी

दोन्ही ठिकाणी पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट, आणि उन्हाळा कोरडा. पण पर्ल व्हॅली बर्ग नदीच्या खोऱ्यात, समुद्रापासून आत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे पारा ३५ च्या पुढे जाणं नेहमीचं, आणि अधूनमधून चाळिशीही गाठतो. डी झाल्झेला फॉल्स बेकडून दुपारनंतर येणारी समुद्राची झुळूक मिळते. आकड्यात दोन-चार अंशांचाच फरक, पण दुपारी चारला ओसरीत बसता येतं की एसी लावून आत बसावं लागतं, हे त्या दोन-चार अंशांवरच ठरतं. उन्हाळ्यातला दक्षिण-पूर्वेचा जोरदार वारा दोघांच्याही वाट्याला आहे.

पाण्याचा प्रश्न जास्त गंभीर. २०१५ ते २०१८ च्या दुष्काळात केप टाउनच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरवर राहावं लागलं, आणि नळ बंद होण्याच्या दिवसाची चर्चा जगभर झाली. गोल्फ कोर्स हा अशा काळात सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. म्हणून घर बघताना कोर्सचं पाणी येतं कुठून हे लेखी मागा: नदीतून उचलण्याचा हक्क, शेताचं तळं, बोअर की प्रक्रिया केलेलं सांडपाणी. शेवटचं उत्तर मिळालं तर उत्तम. उलट टोकाला पुराचा धोका. सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत या खोऱ्यांतल्या नद्यांनी रस्ते आणि शेतं बुडवली. पर्ल व्हॅलीत बर्ग नदीकडच्या आणि डी झाल्झेत ब्लाउक्लिपनच्या काठच्या घराला शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा कुठून जाते, हे नकाशावर बघितल्याशिवाय सही करू नका.

भिंत

सुरक्षा हे इथे घर घेण्यामागचं न बोललेलं कारण असतं. दोन्हीकडे चोवीस तास पहारा, विजेचं कुंपण आणि प्रवेशावर नियंत्रण आहे. या बाबतीत मी दोघांना समान गुण देईन. जानेवारी २०१५ मध्ये डी झाल्झेतल्या एका घरात तिघांचा खून झाला तेव्हा कोणीतरी बाहेरून घुसलं असं सांगितलं गेलं. २०१८ मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि त्याच घरातल्या मुलाला दोषी ठरवलं. एजंटसमोर हा विषय काढला तर तो अवघडतो, पण कुंपणापुरतं बोलायचं तर तिथे कुंपण अपयशी ठरलं नव्हतं.

भिंतीच्या आत राहण्याची एक किंमतही असते. मुलं सायकलवर मोकळी फिरतात, पण दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. घरकामाला किंवा बागेला येणाऱ्या माणसाला रोज गेटवर नोंद द्यावी लागते. पर्ल व्हॅली ज्या आर ३०१ रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर ड्राकेन्स्टाइन तुरुंग आहे, पूर्वीचा व्हिक्टर फर्स्टर. नेल्सन मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला याच तुरुंगाच्या फाटकातून चालत बाहेर आले. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. आपल्या विजेच्या कुंपणाकडे गाडी वळवताना तो दिसतो, आणि पहिल्यांदा तरी माणूस थोडा गप्प होतो.

फाटकाबाहेर

माझ्या दृष्टीने निर्णय इथे व्हावा. डी झाल्झेतून स्टेलनबॉशचं मध्य दहा मिनिटांवर. १६७९ मध्ये वसलेलं हे गाव विद्यापीठामुळे वर्षभर तरुण असतं. ग्रंथालय, नाटक, पायी हिंडण्यासारखे रस्ते, इंग्रजी माध्यमाची चांगली सरकारी शाळा, सगळं हाताशी. त्याची शिक्षा म्हणजे आर ४४ वरची सकाळची कोंडी, ती खरोखर वाईट आहे.

पर्ल व्हॅलीतून एका बाजूला पार्ल, दुसऱ्या बाजूला फ्रान्सहुक. फ्रान्सहुक देखणं आहे आणि तिथल्या खाण्याबद्दल बोलायलाच नको, पण ते पाहुण्यांना न्यायचं गाव आहे. रोजचा व्यवहार पार्लशी. पार्ल मोठं आणि कामाचं, आफ्रिकान्सचं माहेरघर. त्या भाषेचं १९७५ चं स्मारक तिथल्याच डोंगरावर आहे. पार्ल गिम्नाझियमसारख्या नावाजलेल्या शाळेत शिक्षणही आफ्रिकान्समधून होतं. मुलं शाळेच्या वयाची असतील तर हा मुद्दा निकलॉसच्या सगळ्या बंकरांपेक्षा मोठा. विमानतळ डी झाल्झेहून सुमारे ३० किलोमीटर, पर्ल व्हॅलीहून सुमारे ५०. रुग्णालयांच्या बाबतीत दोन्ही गावं बरोबरीची.

पैसे

जाहिरातीतली किंमत ही सुरुवात. जुनं घर विकत घेणाऱ्याला ट्रान्सफर ड्यूटी, म्हणजे घर नावावर करण्याचा सरकारी कर, भरावी लागते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार पहिले १२.१ लाख रँड माफ, मग ३ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने वर. १ कोटी रँडच्या घरावर ती ८,७७,३५६ रँड होते. नवं घर विकासकाकडून घेतलं तर ही ड्यूटी नाही, पण किमतीत १५ टक्के व्हॅट असतो. दोन्हींची तुलना करताना हे विसरलं की गणित चुकतं. वकिलाची फी वेगळी.

त्यानंतर दरमहा घरमालक संघटनेची लेव्ही, म्हणजे वर्गणी, आणि नगरपालिकेचे कर, म्हणजे डी झाल्झेत स्टेलनबॉशचे आणि पर्ल व्हॅलीत ड्राकेन्स्टाइनचे. गोल्फचं सदस्यत्व लेव्हीत धरलंय का, हे वेगळं विचारा. मोकळा प्लॉट घेणार असाल तर बांधकाम किती मुदतीत सुरू करून संपवायचं आणि उशीर झाल्यास लेव्ही किती पट होते, ते वाचा. घराचा रंग, छपराचा उतार, कुंपणाची झाडं, सगळ्यावर संघटनेचा शब्द अखेरचा. विकतानाही थकबाकी नसल्याचा तिचा दाखला लागतो.

परदेशी माणसाला दक्षिण आफ्रिकेत स्वतःच्या नावावर घर घेता येतं. मात्र अनिवासी असाल तर बँका सहसा किमतीच्या निम्म्यापर्यंतच कर्ज देतात, आणि बाहेरून आणलेल्या पैशाची नोंद मालकीपत्रावर ‘अनिवासी’ म्हणून करून घ्यावी लागते, नाहीतर विक्रीनंतर तो पैसा परत नेताना अडतं. विक्रीची रक्कम २० लाख रँडच्या वर असेल तर खरेदीदार अनिवासी विक्रेत्याच्या पैशातून ७.५ टक्के कापून कर खात्यात भरतो. तो आगाऊ कर असतो, विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो.

ज्यांना ऊनही नको आणि आर ४४ ची कोंडीही नको, त्यांनी एकदा सॉमरसेट वेस्टची एरिनव्हेल ही गोल्फ इस्टेट बघून यावी. गॅरी प्लेअरने आखलेला कोर्स, १९९६ चा गोल्फ विश्वचषक तिथेच एर्नी एल्स आणि वेन वेस्टनर यांनी दक्षिण आफ्रिकेला जिंकून दिला. व्हर्गेलेगन वाइनरीचे जुने मळे शेजारी आणि समुद्र जवळ. तिथला वारा मात्र या दोघांपेक्षा कमी समजू नका. आणि निवड कोणतीही झाली तरी आधी भाड्याने राहून बघा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जुलैत. जुलैत घर किती गार पडतं आणि ओलं गवत पाहून तुम्ही खेळायला बाहेर पडता की नाही, हे तेव्हाच कळेल.