लीचे पिवळे डिपर : काळी दारू भरायला एवढं पुरतं

दोन सीझन वापरून झालेत, आता लिहायला हरकत नाही. घरी काडतुसं भरताना दारू मोजायचं ली कंपनीचं पावडर मेझर किट म्हणजे प्लास्टिकचे १५ पिवळे चमचे (डिपर), ०.३ सीसी पासून ४.३ सीसी पर्यंत, बास, विषय संपला. मी इकडे अमेरिकेत फिनिक्सला काउबॉय शूटिंग, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकांची नेमबाजी, करतो (हो, हॅट घालून आणि टोपणनाव घेऊन, घरच्यांचं हसून झालंय) आणि त्यातही फ्रंटियर कार्ट्रिज कॅटेगरीत, म्हणजे काळी दारू (ब्लॅक पावडर, जुन्या बंदुकांची धुराची दारू) नाहीतर तिचा पर्याय. महिन्याला एक मॅच, सहा स्टेज (फेऱ्या) धरले तर दोन रिव्हॉल्व्हरच्या मिळून ६० आणि रायफलच्या ६० गोळ्या, शॉटगन वेगळी. एवढ्यासाठी मोठं मेझर, म्हणजे दारू मोजायचं यंत्र, कशाला हवंय?

पण मी घेतलं होतं ना. चांगलं महागाचं, कोणत्या कंपनीचं ते जाऊ दे कारण चूक माझीच, बॉक्स उघडून टेबलाला बोल्ट मारून झाल्यावर मॅन्युअल वाचलं तर त्यात स्पष्ट लिहिलेलं की काळी दारू यात घालू नका. काळ्या दारूसाठी वेगळी मेझर मिळतात, पण परत खर्च कोण करणार. मग क्लबमधल्या एका म्हाताऱ्याने हे चमचे दाखवले.

आता चमचाच का, तर काळी दारू मुळात मापाने भरायची गोष्ट आहे, वजनाने नाही. आजच्या बिनधुराच्या पावडरीत काडतूस अर्धं रिकामं राहिलं तरी चालतं, इथे अजिबात नाही. दारू आणि गोळी यांच्यामध्ये हवा राहता कामा नये, गोळीने दारू जराशी दाबलीच पाहिजे. आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हणतात ना, तो शब्दच सगळं सांगतो. माझ्या ४४-४० काडतुसाला २.२ सीसीचा चमचा लागतो, साधारण ३४-३५ ग्रेन (दारूच्या वजनाचं छोटं एकक). नावातले ४० ग्रेन १८७३ च्या पातळ बुडाच्या पितळी केसमध्ये (काडतुसाच्या नळीत) मावायचे, आताच्या केसेसचं बूड जाड असतं, तिथे उगाच हट्ट करू नका. आणि तुमची गोळी वेगळी असेल तर तुमचा चमचाही वेगळा असेल, माझा आकडा उचलू नका, मॅन्युअल बघा. पर्यायांचंही तसंच, ट्रिपल सेव्हन नावाची पर्यायी पावडर वापरत असाल तर ती अशी दाबायची नसते.

भरताना चमचा पिठात खुपसतो तसा खुपसायचा नाही. वाटीत दारू घ्यायची, चमचा बुडाकडून खाली दाबायचा, दारू आपोआप आत ओघळते, मग वर उचलून जुन्या लायब्ररी कार्डाने सपाट करायचा, हलवायचा-आपटायचा नाही. दहा-बारा वेळा केलं की हात बसतो. मग गोळी बसवताना प्रेसच्या (काडतूस भरायच्या यंत्राच्या) हँडलला शेवटी किंचित रेटा लागतो, आत रवाळ दारू बारीक करकरते, ते हाताला कळतं. ती करकर आली नाही की मी ते काडतूस बाजूला ठेवतो.

तक्रार म्हणाल तर २.२ नंतर एकदम २.५, मधलं काही नाही. मी एका २.५ चं तोंड कानशीने घासून मला हवं तेवढं केलंय, बरेच जण करतात. दुसरं म्हणजे इथल्या कोरड्या हवेत प्लास्टिकला बारीक धूळ चिकटते, त्यावर भांड्याच्या साबणाने धुवून तसाच न पुसता वाळवायचा, फरक पडतो.

चमचा कितीही बरोबर असला तरी गोळीवरचं वंगण चुकलं तर काय उपयोग. पहिल्या मॅचला मी साध्या बाजारी गोळ्या वापरल्या, कडक वंगणवाल्या, आणि तिसऱ्या स्टेजला काजळी साचून रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फिरेचना, त्यात वारा नाही, समोर पांढरा धूर, टार्गेट दिसत नाही, नुसता टण्ण आवाज आला की समजायचं लागली. आता मधमाशीचं मेण आणि चरबीवाल्या मऊ वंगणाच्या गोळ्या घेतो, सहाही स्टेज निघतात. वास मात्र दिवाळीच्या सकाळचाच, तोच सोरा, तोच कोळसा, तेच गंधक. मॅच संपली की रिकाम्या केसेसचं पितळ तिथल्या तिथे साबणाच्या पाण्याच्या बरणीत, नाहीतर हिरवं पडतं. ती बरणी घरी उघडली की सडक्या अंड्यांचा वास सुटतो, त्यामुळे मला गॅरेजच्या पुढे येऊ देत नाहीत.

पाचात चार. माझ्या दोन चमच्यांना लाल नेलपेंटची खूण केलीये, बाकी तेरा डब्यात पडून आहेत. त्यातला ०.३ चा बायकोने केशर मोजायला मागितला, म्हटलं अगं दारूचा चमचा आहे तो. नेमकी तेव्हा तिची आई फोनवर होती.