‘आरटीओ अप्रूव्ह्ड’ लाइट कॅम्पमध्ये माझे 18,500 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

खान्देशात ज्यांच्या दारात अजून फियाट, पद्मिनी किंवा अँबेसेडर उभी आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. ‘जुन्या गाड्यांचं लाइट वायरिंग एका दिवसात, ओरिजिनल रिले किटसह, आरटीओ सर्टिफिकेट सोबत’ असा मेसेज तुम्हाला आला असेल, नसेल तर येईल. धुळे आणि नंदुरबारकडच्या माझ्या ओळखीच्या लोकांना तो आलेला आहे. पैसे पाठवू नका.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, 1986 ची. वडिलांनी कपाशीच्या पैशातून घेतली, ते गेल्यावर मी सांभाळतो. इंजिनची तक्रार नव्हती, पण हेडलाइट कंदिलासारखे पिवळे पडायचे. हल्ली समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला पांढरेफेक लाइट असतात आणि त्यांच्यापुढे आपल्याला रस्त्याची कडसुद्धा दिसत नाही. त्यात पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा गाडीचे सगळे लाइट तपासतात. माझी तारीख जवळ आली होती. उगाच हौस म्हणून मी वायरिंगच्या मागे लागलो नव्हतो.

आणि कॅम्प भरवणारा तो माणूस बोलत होता ते खोटं नव्हतं, हे आधी लक्षात घ्या. पद्मिनीत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगखालच्या दांडीच्या स्विचमधून जातो, मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, नाही. तीस-चाळीस वर्षांत स्विचचे पॉइंट झिजतात, जोड गंजतात, बॅटरीला 12 व्होल्ट असले तरी होल्डरपर्यंत पुरते पोचत नाहीत. व्होल्टेज थोडं पडलं की उजेड त्याहून कितीतरी जास्त पडतो. उपाय म्हणजे बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर थेट रिलेला, रिलेवरून लाइटला, आणि जुन्या स्विचने फक्त रिले ओढायचा. हे सगळं त्याने मला कागदावर काढून दाखवलं. एवढं नीट समजावून सांगणाऱ्याला चोर कोण म्हणेल? त्यात बोलणं आपल्याकडचं. ‘‘दादा, काई फिकर करू नका, आपलीच गाडी शे.’’

आधी नोंदणीचे म्हणून 8,500 रुपये यूपीआयने घेतले. क्यूआर कोडवर नाव एका बाईचं आलं. विचारलं तर म्हणे वहिनींचं खातं आहे, जीएसटीचं लफडं नको म्हणून. कॅम्पच्या दिवशी ‘ओरिजिनल किट’चे 6,200 आणि संध्याकाळी इंडिकेटरचा फ्लॅशर, मागचे लाइट आणि सर्टिफिकेट मिळून 3,800. झाले 18,500. पावती म्हणून वहीतलं पान, त्यावर ‘कोटेशन’चा शिक्का. ज्याच्या खात्याचं नाव वेगळं आणि बिल कच्चं, त्याच्याशी तिथल्या तिथे बोलणं बंद करा.

कॅम्प हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात होता. बऱ्याच गाड्या रांगेत उभ्या. दिवसभर गाडीजवळ थांबू दिलं नाही, ‘शॉर्ट होईल, लांब बसा’ म्हणून मंडपात बसवलं. जुनी काढलेली वायर मागितली तर म्हणाला, भंगारात गेली. जुना माल परत मिळत नसेल तर नवा बसलेलाच नाही असं धरून चाला.

आणि मग ती वेळ, जी मला आजही झोपू देत नाही. अंधार पडल्यावर त्याने गाडी भिंतीसमोर घेतली. बोनेट उघडं होतं, बॅटरीशेजारी काळेकुळकुळीत दोन नवे रिले स्क्रूने बसवलेले दिसत होते, त्यांना लाल-पिवळ्या वायरी, वर चकचकीत स्लीव. मी लाइट लावायला हात घातला तर त्याने तो धरला. ‘‘थांबा दादा, आधी गाडी चालू करा, बॅटरीवर लोड नको.’’ इंजिन सुरू झालं, मग लाइट लागले आणि भिंत अशी उजळली की आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले. शेतातल्या मोटरचा स्टार्टर मी रोज ओढतो. आत कॉइल ओढली की खट्ट होतं, रिलेही बारीक टिक वाजतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. चालू इंजिनच्या आवाजात ती टिक ऐकू येणारच नव्हती आणि त्याला तेच हवं होतं. बंद गाडीवर एकदा, फक्त एकदा लाइट लावू दिला असता तर रिले मुके आहेत हे तिथेच कळलं असतं. पण समोर लख्ख उजेड पडलेला, मागे रांगेतल्या गाडीवाल्याची घाई, आणि हातात सर्टिफिकेट ठेवलेलं. माझ्या जागी कुणीही पैसे दिले असते.

पुढे आईला दाखवायला संभाजीनगरला गेलो होतो. परतताना उशीर झाला. कन्नडचा घाट उतरत होतो, एका बाजूला दरी, दुसरीकडे गौताळ्याचं जंगल. अप्पर लावून दोन वळणं उतरलो आणि रबर जळल्याचा वास आला. दांडीला हात लावला तर चटका बसला, आणि त्याच क्षणी दोन्ही हेडलाइट गेले. आई मागच्या सीटवर होती. कडेला घेतली, इंडिकेटर चालू ठेवला. दूध घेऊन उतरणाऱ्या एका पिकअपवाल्याने आम्हाला आपल्या मागे ठेवून हळूहळू चाळीसगावच्या बाजूला खाली आणलं. तो भला माणूस थांबला नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियन चाचांनी सगळं उकलून दाखवलं. रिलेच्या होल्डरमधून निघालेल्या नव्या वायरी वीतभर जाऊन टेपमध्ये संपत होत्या. 30 नंबरच्या पिनला बॅटरी नाही, 87 वरून लाइट नाही, रिले ओढणाऱ्या 85 आणि 86 कोऱ्या. लाइट जुन्याच वायरीवर, जुन्याच स्विचवर चालत होते. मग उजेड वाढला कसा? बल्ब बदलले होते. 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचे. दोन साध्या बल्बना मिळून 10 अँपिअर लागतात, याला अप्परवर जवळपास 17. एवढा करंट त्याच म्हाताऱ्या स्विचमधून. 8 अँपिअरचा फ्यूज उडायला नको म्हणून त्यावर तांब्याची तार गुंडाळली होती! म्हणजे जळणार हे त्याला पक्कं माहीत होतं, फक्त कॅम्प उठल्यावर जळावं एवढीच काळजी त्याने घेतली. ही नुसती लूट नाही, हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे. असले बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, ते वेगळंच.

चाचांनी खरं काम किती रुपयांत केलं तेही सांगतो. रिले, होल्डर, प्रत्येक लाइटला वेगळा फ्यूज, जाड वायर आणि नियमातले बल्ब मिळून 1,640. दांडीचा स्विच जुन्या स्टॉकमधला, 2,750. मजुरी 1,500. एकूण 5,890, आणि उजेड मोकळा.

आता तक्रारीचं ऐका. आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर ‘काम झालं तिथे जा’. तिथे गेलो तर ‘तुम्ही राहता तिथे द्या’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. हे मी सांगितल्यावर साहेब म्हणाले, ‘‘वकील आहात का?’’ मग सुरू झालं की हा दिवाणी मामला आहे, तुम्ही स्वखुशीने पैसे दिले, काम तर झालं होतं. काम झालं होतं? जळालेला स्विच पिशवीतून टेबलावर ठेवला तर तो उचलून बघायचीही तसदी कुणी घेतली नाही. शेवटी एक साधा अर्ज घेऊन पोच दिली, पुढे काही नाही. बँकेने हात वर केले. ज्याच्या नावाचं सर्टिफिकेट दाखवून लुटलं त्या परिवहन खात्याच्या कार्यालयात खिडकी क्रमांक विचारत फिरलो. एकाने कागद बघून हसून परत दिला, ‘असलं आम्ही देत नाही’. अहो, देत नाही हे मलाही आता कळलंय, पण तुमच्या नावाचा शिक्का मारून कुणी धंदा करतोय तर तक्रार तुम्ही करायची की मी? लेखी द्या म्हटलं तर साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्यांदाही मीटिंगमध्येच. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. आणि तो पत्ता शोधणं ज्यांचं काम, ते मला दिवाणी-फौजदारीचा फरक शिकवतात. एका सामान्य माणसाने 18,500 रुपयांसाठी किती उंबरे झिजवायचे?

एक नक्की सांगतो, कुठल्याही खासगी मिस्त्रीच्या वायरिंगला आरटीओ ‘अप्रूव्हल’ देत नाही. यूपीआयने पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. मी काम बिघडेपर्यंत थांबलो, कारण तोवर तक्रार करण्यासारखं काही दिसतच नव्हतं. कुणी एलईडी बल्ब जुन्या काचेत घालून देतो म्हणाला तरी नको म्हणा. काच आणि रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेसाठी बनवलेले असतात, उजेड भलतीकडे फाकतो आणि समोरचा आंधळा होतो.

ज्यांनी त्या कॅम्पात गाडी लावली होती त्यांनी रात्रीची गाडी आजपासून बंद ठेवा. इंजिन बंद, फक्त चावी फिरवा, एकाला बोनेटजवळ कान देऊन उभं करा आणि लाइट लावा. टिक ऐकू आली नाही तर फ्यूज काढून बघा, तार गुंडाळलेली दिसेल. ती काढून टाकू नका, आधी फोटो काढा, बल्बवरच्या वॅटच्या आकड्याचाही काढा, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि ते कोटेशनचं पान जपून ठेवा. माझ्या एकट्याच्या अर्जावर कुणी हललं नाही. आपण दहा-बारा जण जळालेले स्विच घेऊन एकदमच ठाण्यात जाऊ, मग दिवाणी की फौजदारी ते त्यांनी आपल्यासमोर ठरवावं.