एकच अल्बम सांगा म्हटलं आणि भांडणं लागली (पाच अल्बमांचा रिव्ह्यू)

आमच्या पाच जणांच्या ग्रुपवर मागे कुणीतरी 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन म्युझिक मासिकाची पाचशे ग्रेट अल्बमांची यादी टाकली आणि मग दोन दिवस नुसती जुंपली होती. 2003 आणि 2012 च्या यादीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला, आणि 2020 मध्ये तोच चोविसावा, पहिल्या नंबरवर मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन'. आता रेकॉर्ड तर तीच आहे ना, 1967 मध्ये निघालेली ती काही कुणी मागे जाऊन बिघडवून ठेवली नाही, बदलली ती मत देणारी माणसं. एवढंच मी म्हटलं तर भाचा म्हणतो, म्हणजे मावशी तुझा पिंक फ्लॉइडपण एक दिवस असाच घसरणार. झालं, तिथून ते पर्सनल झालं.

शेवटी ठरलं की यादी गेली उडत, प्रत्येकाने आपला एकच अल्बम द्यायचा आणि बाकीच्या चौघांनी तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एका बैठकीत ऐकायचा. स्किप नाही, शफल नाही, 'बेस्ट ऑफ' टाइप कलेक्शन चालणार नाही. तर हा त्या पाच अल्बमांचा रिव्ह्यू, मतं माझी, पटली नाहीत तर भांडा, सवय आहे आता.

सुरुवात माझ्याच अल्बमने, पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', 1973. मला वाटलं होतं याला कोण काय बोलणार, 1973 ते 1988 मध्ये बिलबोर्डच्या (म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या) यादीत 741 आठवडे बसलेला अल्बम आहे. आणि भाचा म्हणाला, "तुटक तुटक वाटला गं." तुटक? हा? यात साइडभर, म्हणजे रेकॉर्डच्या एका बाजूभर, गाणी एकमेकांना चिकटलेली आहेत, एक संपतं तिथूनच दुसरं उगवतं, हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच संपतो! मग विचारलं ऐकलास कशावर, तर कुठलं तरी फुकटातलं ॲप, ते दोन गाण्यांमध्ये दीड-दोन सेकंदांची शांतता टाकतं आणि मध्येच जाहिरात. म्हणजे घड्याळं वाजायच्या आधी साबणाची जाहिरात. माझं डोकंच फिरलं. तिकडे मैत्रिणीच्या फोनवर उलटाच प्रकार, क्रॉसफेड चालू राहिलेलं, त्यामुळे प्रत्येक गाण्याची शेपटी पुढच्याच्या तोंडात. तिला वाटलं असंच बनवलंय, "सायकेडेलिक आहे ना" म्हणे.

मग त्या दोघांना परत ऐकायला लावला, नीट सलग. तेव्हा कुठे पहिल्या साइडच्या शेवटी क्लेअर टोरीचा आवाज येतो तिथे भाचा गप्प झाला. त्या गाण्यात गायलेला एक शब्द नाही, नुसता आवाज. बाई सेशनला आल्या, 30 पौंड घेतले, गाऊन गेल्या, आणि गाण्याच्या श्रेयात नाव यायला 2005 उजाडलं, तेपण केस केल्यावर. आणि ती किंचाळी विरून गेल्यावर मूळ रेकॉर्डमध्ये साइड संपते, उठून उलटी करावी लागते, मग नाण्यांचा आणि गल्ल्याचा खणखणाट, सात मात्रांचा. ती उठायची जागा अल्बमचा भाग आहे असं माझं ठाम मत आहे. फोनवर ऐकताना मी तिथे पॉज करून पाणी पिऊन येते, हसायचं तर हसा. रेटिंग देत नाही, आपल्याच पोराला मार्क कोण देतं.

क्रमाचं खूळ माझं एकटीचं नाही बरं का. 2021 मध्ये गायिका ॲडेलने तेच बोलून दाखवल्यावर स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलवरून साध्या प्लेवर आणलं. म्हणजे तोपर्यंत अल्बम उघडून बटण दाबलं की गाणी पिसूनच मिळायची! पुस्तकाची पानं पिसून वाचायला दिल्यासारखं.

दुसरा, मैत्रिणीचा, माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', 1959. खरं सांगते, जॅझ म्हटलं की मला आधी लिफ्टमधलं म्युझिक आठवायचं आणि मी हा अल्बम तीन वेळा सुरू करून सोडलेला होता. यावेळी सोडता येणार नव्हता म्हणून बसले. दोन दिवसांत रेकॉर्ड झालाय हा, 2 मार्च आणि 22 एप्रिल, वादकांच्या हातात पूर्ण लिहिलेलं काही नाही, नुसते आराखडे. पहिल्या गाण्यात सोळा बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा) एकाच स्वरसमूहावर, मग आठ बार तेच सगळं अर्ध्या सुराने वर, मग परत आठ बार खाली. बस्स. एवढ्या कमी सामानात सहा माणसं फिरतायत आणि कुणालाच कुठे पोचायची घाई नाही. गंमत म्हणजे हा आमच्यात सगळ्यात आधी कळला तो काकांना, ज्यांनी आयुष्यात जॅझ ऐकलं नव्हतं. ते म्हणाले हे तर रागात बसल्यासारखं आहे, मध्येच षड्ज हलवतायत एवढंच. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

काकांच्या कानाबद्दल अजून एक. या अल्बमची पहिली साइड ज्या टेप मशीनवर रेकॉर्ड झाली ते जरा हळू चालत होतं, त्यामुळे रेकॉर्डवर ती तीन गाणी किंचित चढी वाजायची, आणि हे नीट केलं गेलं थेट 1992 मध्ये. तेहतीस वर्षं लोक चढ्या पट्टीतला 'ग्रेटेस्ट जॅझ अल्बम' ऐकत होते आणि डोळे मिटून वा वा करत होते! काकांना हे सांगितलं तर त्यांनी दोन्ही आवृत्त्या मागितल्या, तासभर लावून बसले आणि म्हणाले मला चढीच बरी वाटते. आता काय बोलणार.

जाता जाता, हा अल्बम जिथे झाला तो कोलंबियाचा न्यूयॉर्कमधला स्टुडिओ म्हणजे आधी चर्च होतं, आणि त्याच खोलीत 1955 मध्ये पियानिस्ट ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स वाजवलेली, साधारण 38 मिनिटांत, आणि 1981 मध्ये परत तिथेच तीच, पण 51 मिनिटं घेऊन. माणूस तोच, नोटेशन तेच, खोली तीच. यावर एक वेगळं भांडण होऊ शकतं, ते राखून ठेवलंय. 'काइंड ऑफ ब्लू'ला पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते विचारू नका, एवढ्या उशिरा कळल्याचा राग आहे तो, माझ्यावरचाच.

तिसरा भाच्याचा, रॅपर नासचा 'इलमॅटिक', 1994. मी नाक मुरडूनच बसले होते, शिव्या फार असतात आणि सगळं सारखंच वाटतं वगैरे जे आपण सगळे म्हणतो तेच. पण पहिली गोष्ट म्हणजे हा छोटा आहे, इंट्रो धरून दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत खलास. ज्या काळात सीडीवर 74 मिनिटं जागा मिळते म्हणून लोक वाट्टेल ते कोंबायचे त्या काळात वीस वर्षांचा पोरगा एवढंच बोलून थांबतो, हेच मला आधी आवडलं. एका गाण्यात तर तो जेलमधल्या मित्रांना पत्रं लिहितोय, इकडे काय चाललंय, कोण कुठे आहे, आणि ऐकता ऐकता सगळी गल्ली डोळ्यासमोर उभी राहते.

पण खरी मजा तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटी. रॅप थांबतो आणि कॉर्नेट वाजायला लागतो, कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा धाकटा भाऊ. मैत्रीण ताडकन उठली, हा कोण? तर ओलू दारा, जॅझवाला, नासचे वडील! पोराच्या गाण्यात बाप येऊन शेवटाला वाजवून जातो, बोलत काही नाही. आणि लगेच पुढच्या ट्रॅकवर जो पियानोचा तुकडा गोल गोल फिरत राहतो तो प्रोड्यूसर पीट रॉकने जॅझ पियानिस्ट अहमद जमालच्या रेकॉर्डमधून उचललेला, आणि अहमद जमाल म्हणजे ज्याचं माइल्स डेव्हिस उघड उघड कौतुक करायचा तो. तेवढ्यावर थांबत नाही, शेवटच्या ट्रॅकमध्ये सॅम्पल आहे मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मधल्या 'ह्यूमन नेचर'चं, आणि तेच गाणं माइल्सने स्वतः 1985 च्या अल्बमवर वाजवलंय. म्हणजे दोन आठवडे ही जॅझवाली आणि हा रॅपवाला एकमेकांच्या म्युझिकला नावं ठेवत होते आणि दोन्ही अल्बमांच्या मुळ्या खालून एकमेकांत गुंतलेल्या. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, जसं काही त्यानेच ते कॉर्नेट वाजवलंय.

तक्रार एकच, शब्द इतके फास्ट आणि इतके त्या गल्लीतले आहेत की लिरिक्स समोर धरल्याशिवाय निम्मं डोक्यावरून जातं. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा वाचत ऐका. साडेचार यालाही.

चौथा ऑफिसमधल्या मेटलवाल्याचा, मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', 1986. यावर मी कमी बोलणार कारण माझे कान दुखले. पण फसवतात कसे बघा, सुरुवात मस्त शांत गिटारने, तुम्ही आवाज वाढवता, आणि मग भिंत कोसळते. टायटल ट्रॅक साडेआठ मिनिटांचा, त्याच्या मधोमध एक सुरेल जागा आहे, ती मला खरंच आवडली, तेवढ्यासाठी मी तो तीनदा ऐकला हे त्याला अजून सांगितलेलं नाही. 'ओरायन'मध्ये गाणं नाहीच, नुसतं वादन, आणि त्यात बेसवाला क्लिफ बर्टन जे काय करतो ते ऐकल्यावर कळतं की त्याच सप्टेंबरमध्ये बसच्या अपघातात तो गेला हे मेटलवाले अजून का उगाळतात. त्यानंतर 1988 मध्ये जो अल्बम आला त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यावर आमच्या मेटलवाल्याने अर्धा तास घेतला. साडेतीन. तो म्हणतो अन्याय आहे, असेल.

पाचवा काकांचा. आम्हाला वाटलं काका कुठली तरी मैफल देतील, तर त्यांनी दिला 'कॉल ऑफ द व्हॅली', शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटे अहिर भैरवपासून, मग नट भैरव, पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. साल 1967. काका म्हणाले, "अरे तुमचा तो 'सार्जंट पेपर' आला ना, त्याच वर्षीचा हा, हापण कन्सेप्ट अल्बमच, एकाच कल्पनेवर बांधलेला, फक्त याच्यावर कुणी यादी करत नाही." निरुत्तर. आणि हा म्हणजे माझ्या शफलविरोधी पक्षाचा सगळ्यात मोठा पुरावा, कारण हा उलटसुलट लावला तर बिचारा मेंढपाळ रात्री उठणार आणि पहाटे घरी जाणार. यात गाण्याची जागा म्हणजे घड्याळातली वेळ आहे, हलवणार कुठे?

भाच्याला सुरुवातीला झोप आली, खोटं कशाला बोला. पण गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पट्टी सरकवत अशी मींड काढता येते हे ऐकून मेटलवाला वेडा झाला, त्याने तो भाग स्लो करून करून ऐकला. माझं मत, भूप येतो तिथपासून हा अल्बम हातातलं काम सोडायला लावतो, आधीचा भाग थोडा देखणा देखणा आहे, चित्रातल्यासारखा. तरी पाचपैकी पाच, आणि हो, माझ्या फ्लॉइडला मी मार्क दिले असते तर याच्यापेक्षा कमीच पडले असते. भाच्याने स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

ऐकणार असाल तर दोन-तीन गोष्टी. फ्लॉइड लावायच्या आधी क्रॉसफेड बंद करा आणि गॅपलेस (म्हणजे दोन गाण्यांमध्ये शांतता न टाकणं) चालू आहे का बघा. माइल्सची 1992 नंतरची आवृत्ती घ्या, काका काहीही म्हणोत. आणि बोनस ट्रॅकवाल्या डिलक्स एडिशन पहिल्यांदा ऐकताना टाळाच, अल्बम जिथे संपायचा तिथे संपतो आणि लगेच त्याच गाण्याचा टेक टू सुरू होतो, सगळी चव जाते. ऑटोप्लेपण बंद. पहाडी संपली आणि पुढच्या सेकंदाला ॲपने आपल्या मनाने 'रिलॅक्सिंग फ्लूट फॉर स्लीप' लावलं तेव्हा काकांनी जे तोंड केलं ते मी विसरणार नाही.

आता दुसरी फेरी सुरू आहे, नियम असा की आपल्या जॉनरमधलं काही द्यायचं नाही. काकांनी 'ब्लॅक सॅबथ' या मेटल बँडचा 1970 चा पहिला अल्बम दिलाय. पाऊस, घंटा, आणि मग तो रिफ, गिटारचा परत परत वाजणारा तुकडा. वर मेसेज, "खालचा सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम, तीन सुरांत एवढी भीती घालतात ही पोरं." मेटलवाल्याने काल रात्री तो वाचलाय, निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून आलेलं नाही.