ताज्या अंजिराचं गोड: तुपात परतावं, बासुंदी करावी की जॅम?

मे महिन्यात सासवडच्या रस्त्याला आणि पुण्याच्या मंडईत अंजिराच्या पाट्या दिसतात, ती पुरंदरच्या मीठा बहाराची, म्हणजे अंजिराच्या दोन हंगामांपैकी एकाची, शेवटची फळं. दुसऱ्या, म्हणजे खट्टा बहारातल्या फळांपेक्षा ती गोड असतात, त्यामुळे काही गोडाधोडाचं करायचं तर हीच घ्यावीत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते योग्यच झालं. जांभळट, पातळ साल आणि आत गुलाबी गर अशी ही फळं खरोखर फार सुरेख असतात.

पण अंजीर तोडल्यावर पिकत नाही आणि पिकलेलं टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन-तीन दिवस, तेही एकावर एक न रचता. म्हणून आणल्या दिवशीच काय करायचं ते ठरवून टाका. त्यासाठी आधी फळ हातात घेऊन बघा. देठाकडची मान लवलेली, साल किंचित तडकलेली आणि बोटाला मऊ लागणारं फळ वेगळं काढा. घट्ट फळं वेगळी ठेवा. दोघांचा पदार्थ एक नाही.

तुपात परतलेलं अंजीर

मऊ फळांसाठी माझं मत ठामपणे याला. सहा-आठ अंजिरांचे देठ काढून उभे दोन भाग करा. पसरट तव्यात चमचाभर साजूक तूप तापवून फोडी कापलेली बाजू खाली करून मांडा आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. कडेनं रस सुटून तुपात बुडबुडे यायला लागले की दोन चमचे चिरलेला गूळ फोडींच्या मधल्या जागेत टाका. गूळ विरघळून रसात मिसळला, पाक जरा दाटला, की गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घाला. लिंबू वगळू नका. अंजिरात आंबटपणा फार कमी असतो, त्यामुळे लिंबाशिवाय चव नुसती गोडमिट्ट होते. वेलची मात्र मी घालत नाही, ती अंजिराचा वास झाकून टाकते.

दहा मिनिटांत होतं, फळाचा आकार राहतो, दातांखाली बिया कुरकुरतात. गरम पोळीबरोबर किंवा घट्ट सायीच्या दह्याबरोबर खावं. उणीव एवढीच, की लगेच संपवावं लागतं आणि चार-पाच माणसांपलीकडे पुरत नाही.

बासुंदी

पाहुणे जास्त असतील तर मन बासुंदीकडे जातं. इथे जपून. अंजिराच्या चिकात दूध फाडणारं एन्झाइम असतं आणि ते कच्चट फळात जास्त असतं. कच्चा गर थेट दुधात घातला तर दूध फाटण्याची भीती असते. त्यामुळे गर दोन चमचे साखर घालून वेगळा सात-आठ मिनिटं चांगला शिजवायचा, शिजल्यावर ते एन्झाइम निकामी होतं. लिटरभर दूध आटवून निम्मं करायचं आणि दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करायचं.

एवढं करूनही ताज्या फळाची नाजूक चव आटीव दुधाखाली दबते. सुकं अंजीर भिजवून, वाटून घातलं तर बासुंदीला उलट जास्त चांगला स्वाद येतो, आणि ते बाराही महिने मिळतं. ताजी फळं यात घालवावीत असं मला वाटत नाही.

श्रीखंडाचंही तसंच. कच्च्या फोडी चक्क्यात मिसळून रात्रभर ठेवल्या तर तो कडवट होऊ शकतो. घालायच्याच असतील तर वाढताना वरून घाला. शिऱ्यात अंजीर चालतं, पण तिथे केळं जास्त खुलतं.

जॅम

घट्ट फळं आणि किलोच्या वर माल, तर जॅमच. वळवाचा पाऊस झाला की पिकलेली फळं फुटतात, पाणचट होतात आणि स्वस्तही मिळतात. तीही इथे खपतात. फक्त आंबूस वास येणारं फळ घेऊ नका, एक जरी गेलं तरी सगळ्या जॅमला तो वास लागतो.

किलोभर फोडींना ५०० ते ६०० ग्रॅम साखर आणि दोन मोठ्या लिंबांचा रस. साखर लावून तासभर ठेवा, मग जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत शिजवा. शेवटची दहा मिनिटं तिथून हलू नका, बिया तळाला बसून चटकन लागतात. गार बशीवर थेंब टाकून बोटानं रेघ ओढा. रेघ भरून आली नाही तर झालं. लिंबू इथे चवीपुरतं नाही. आंबटपणाशिवाय जॅम नीट धरत नाही आणि टिकतही नाही. साखर बाजारच्या जॅमपेक्षा कमी असल्यानं बरणी उकळत्या पाण्यातून काढा, पूर्ण कोरडी करा आणि भरल्यावर फ्रिजमध्येच ठेवा.

अर्धा किलो आणला असेल आणि घरात चार माणसं असतील, तर मऊ फळं आज रात्री तुपात परता. घट्ट उरली तर तेवढ्याचाच छोट्या पातेल्यात जॅम करा, वाटीभर होतो.