घरच्या प्रकल्पांसाठी कोणते सॉफ्टवेअर? ट्रेलो, नोशन, टुडूइस्ट आणि ऑब्सिडियन यांची पारख

नोकरीच्या ठिकाणी कोणते काम कुठवर आले, हे विचारणारी माणसे असतात. बैठका होतात, तारखा ठरतात. घरच्या प्रकल्पांना असे विचारणारे कोणी नसते. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची कागदपत्रे, आजोबांच्या मोडी लिपीतल्या पत्रांचे देवनागरीत लिप्यंतर, आईच्या हस्तलिखित पाककृतींची वही संगणकावर उतरवणे, हिवाळ्यात जवळच्या येऊरच्या जंगलात जाऊन केलेल्या पक्ष्यांच्या नोंदी नीट लावणे, अशी कामे वर्षानुवर्षे चालतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात. त्यांपैकी कोणते नेमके कुठे अडले आहे हे एका नजरेत दिसले नाही, तर जे काम दारात येऊन उभे राहते तेवढेच होते आणि बाकीची मागे पडतात. अशा वैयक्तिक प्रकल्पांसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, एवढ्या एकाच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

या प्रकारची बहुतेक सॉफ्टवेअरे कार्यालयातल्या गटांसाठी घडवलेली आहेत. त्यांत प्रकल्प हा एक कप्पा असतो, आत कामांची यादी असते आणि कप्पा उघडल्याशिवाय आतले काही कळत नाही. दहा माणसे मिळून एकच प्रकल्प हाताळत असतील तेव्हा ही रचना योग्यच आहे. पण माणूस एक आणि प्रकल्प दहा असतील, तर गरज नेमकी उलटी असते. म्हणून माझी पहिली कसोटी अशी, की सगळे प्रकल्प एकाच पडद्यावर दिसले पाहिजेत आणि प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याची पुढची पायरी, काहीही न उघडता, वाचता आली पाहिजे.

दुसरी कसोटी मला त्याहून महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. थांबलेले प्रत्येक काम सारख्याच कारणाने थांबलेले नसते. पुनर्विकासाचे नकाशे वास्तुविशारदाकडे असतील किंवा सभासदांच्या संमतिपत्रांची वाट पाहायची असेल, तर ते काम दुसऱ्यांकडे आहे. पक्ष्यांच्या नोंदी उन्हाळा लागला की थांबतात, कारण हिवाळी पाहुणे परतलेले असतात. ते काम मुद्दाम थांबवलेले आहे आणि त्याबद्दल मनाला टोचणी लागण्याचे कारण नाही. पत्रांचा गठ्ठा मात्र केवळ आपण बसलो नाही म्हणून पडून राहतो. हे तिन्ही प्रकार पडद्यावर वेगवेगळे दिसले नाहीत, तर 'एका नजरेत' या शब्दांना अर्थ उरत नाही.

ट्रेलो हे फॉग क्रीक सॉफ्टवेअर या कंपनीने २०११ मध्ये आणले आणि २०१७ मध्ये ॲटलासियनने ते विकत घेतले. टोयोटाच्या कारखान्यांत ताइची ओनो यांनी रुजवलेली कानबान पद्धत त्याच्या मुळाशी आहे: फळ्यावर उभे रकाने, रकान्यांत कार्डे, आणि काम पुढे सरकले की कार्ड पुढच्या रकान्यात. बहुतेक लोक प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा फळा उघडतात, आणि घरच्या वापरात तिथेच ट्रेलो निरुपयोगी ठरू लागते, कारण आठ फळे म्हणजे पुन्हा आठ बंद कप्पे. त्याऐवजी फळा एकच ठेवावा आणि एक कार्ड म्हणजे एक अख्खा प्रकल्प, असे ठरवावे. माझ्या फळ्यावर 'हाती', 'दुसऱ्यांकडे', 'ऋतूची वाट', 'मनात' आणि 'झाले' असे रकाने आहेत. कार्डाच्या शीर्षकात प्रकल्पाचे नाव आणि पुढची पायरी अशा दोन्ही गोष्टी लिहायच्या: 'मोडी पत्रे : दुसऱ्या गठ्ठ्यातल्या पाकिटांवरचे पत्ते आधी वाचणे', 'पाककृती : लोणच्यांची पाने, आईला मापे विचारणे'. बारीकसारीक कामे कार्डाच्या आतल्या चेकलिस्टमध्ये जातात आणि त्यांपैकी किती झाली याचा आकडा, उदाहरणार्थ ३/११, कार्डावर बाहेरूनच दिसतो. इतक्या कमी मेहनतीत पहिली कसोटी पूर्ण करणारे दुसरे साधन मला सापडलेले नाही.

दुसऱ्या कसोटीसाठी ट्रेलोमध्ये 'कार्ड एजिंग' नावाचे एक पॉवर-अप, म्हणजे वरून जोडायची सोय, आहे. ते सुरू केले, की ज्या कार्डाला बरेच दिवस हात लागलेला नाही ते टप्प्याटप्प्याने फिके पडत जाते. कोणतीही सूचना वाजत नाही, लाल अक्षरे दिसत नाहीत. फक्त मोडी पत्रांचे कार्ड शेजारच्या कार्डापेक्षा पुसट दिसते आणि ते पाहून पुरेसे कळते. ज्या कोणी ही सोय योजली, त्याला अपुऱ्या कामांचे मानसशास्त्र चांगले ठाऊक असले पाहिजे. तिची मर्यादा अशी, की ती फळ्यावरच्या सगळ्या कार्डांना सारखीच लागू होते, त्यामुळे 'ऋतूची वाट' या रकान्यातले येऊरचे कार्डही फिके पडते. रकान्याचे नाव वाचून फरक करायचा, एवढे आपल्यावर उरते.

मोफत योजनेत फळ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, पण एकच फळा वापरणाऱ्याला तिचा अडसर होत नाही. कामे तारखांवर पट्ट्यांसारखी मांडणारे कालरेषेचे दृश्य सशुल्क योजनेत मिळते. घरच्या कामांसाठी ते घेण्याची गरज मला वाटत नाही, कारण या कामांच्या तारखा बहुधा आपल्या हातात नसतात आणि पट्ट्या आखून ठेवल्याने त्या हातात येतही नाहीत. 'हाती' या रकान्यात मात्र तीनपेक्षा जास्त कार्डे ठेवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. चालू कामांना मर्यादा घालणे हा कानबानचा गाभाच आहे आणि सॉफ्टवेअर कोणतेही घेतले तरी तो नियम आपला आपणच पाळावा लागतो.

नोशनची ताकद वेगळी आहे. त्यात प्रकल्पांचा एकच तक्ता करायचा आणि तोच कधी सारणी म्हणून, कधी रकान्यांचा फळा म्हणून, कधी दिनदर्शिका किंवा कालरेषा म्हणून पाहायचा. माहिती एकदाच भरायची आणि दृश्ये हवी तितकी. 'शेवटचा बदल' हा स्तंभ त्यात आपोआप भरला जातो, त्यामुळे सर्वांत जास्त दिवस न बदललेला प्रकल्प सर्वांत वर, अशी मांडणी करता येते. आणि गाळणी लावून 'ऋतूची वाट' असलेले प्रकल्प त्या दृश्यातून वगळताही येतात. ट्रेलोत जी उणीव राहते ती इथे नेमकी भरून निघते, म्हणून दुसऱ्या कसोटीवर मी नोशनला निःसंशय वरचे स्थान देते. शिवाय प्रत्येक ओळ उघडली की आत पूर्ण पान असते. मोडीतल्या घोटाळ्यात पाडणाऱ्या अक्षरांची टिपणे, पत्रातल्या नातलगांची ओळख, न लागलेले शब्द, हे सगळे त्या प्रकल्पापाशीच राहते.

असे असूनही बहुतेकांना मी प्रथम नोशन सुचवणार नाही. कोरे पान समोर येते आणि स्तंभ कोणते, रंग कोणते, सूत्र कसे लिहायचे, यात कित्येक संध्याकाळी निघून जातात; प्रकल्पांची मांडणी हाच एक प्रकल्प होऊन बसतो. ज्यांना अशी रचना करण्याची मुळात आवड आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे. एका माणसाच्या वापरासाठी मजकुराची मर्यादा २०२० मध्येच काढून टाकण्यात आली, त्यामुळे मोफत योजना पुरेशी आहे. इंटरनेटशिवाय काम करण्याची सोय मात्र बरीच उशिरा, २०२५ मध्ये आली, आणि मोफत योजनेत हवी ती पाने आधी निवडून उतरवून ठेवावी लागतात. येऊरच्या जंगलात मोबाइलचे नेटवर्क दगा देते तेव्हा ही गोष्ट महत्त्वाची ठरते. निघण्यापूर्वी घरीच पान उतरवून घ्यावे.

टुडूइस्ट २००७ पासून आहे आणि रोजच्या कामांच्या यादीसाठी ते उत्तम आहे. तथापि आपल्या विषयापुरते पाहिले, तर त्यात प्रकल्प हा डाव्या बाजूच्या यादीतला कप्पाच राहतो, आणि मोफत योजनेत अशा कप्प्यांवर मर्यादा आहे. आजचे काय, हे ते सुरेख सांगते. सगळ्याचे काय चालले आहे, हे सांगत नाही. काम लिहितानाच तारीख ओळखण्याची त्याची सोय अनेक भाषांत चालते, पण मराठीत नाही, त्यामुळे 'उद्या' असे लिहून तारीख उमटत नाही. गूगल कीपबद्दल एवढेच पुरे, की ते टिपणांचे साधन आहे आणि तेवढ्यासाठी ते ठेवावे.

ऑब्सिडियनची बैठकच निराळी आहे. २०२० मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टिपण ही आपल्याच संगणकावरची साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक प्रकल्पासाठी एक फाइल करून तिच्या माथ्यावर स्थिती आणि पुढची पायरी लिहिली, की 'बेसेस' या सोयीने त्या सगळ्या फाइलींची एकत्र सारणी तयार होते. ही सोय २०२५ मध्ये मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली, आणि त्यामुळे ज्यांनी पूर्वी ऑब्सिडियन किचकट म्हणून सोडले त्यांनी पुन्हा पाहावे. इंटरनेट लागत नाही, खाते उघडावे लागत नाही. फोन आणि संगणक जुळवून ठेवणारी कंपनीची सेवा सशुल्क आहे, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाबरोबर एकच सारणी वापरणे त्यात सोपे नाही. आमच्या पुनर्विकासाच्या कागदपत्रांत भावालाही डोकवावे लागते. तिथे ट्रेलोचे कार्ड कामाला येते, त्याला फळ्यावर बोलावले की झाले.

फाइल आपल्या हातात असणे ही माझी तिसरी कसोटी, आणि तिचे कारण वंडरलिस्ट या ॲपच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. अतिशय लोकप्रिय असलेले हे ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. याद्या मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये नेण्याची सोय दिली होती, पण ती ठराविक मुदतीपर्यंतच. ऑब्सिडियन उद्या बंद पडले तरी त्यातल्या फाइली कोणत्याही साध्या संपादकात उघडतील. नोशनमधून मजकूर मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपात आणि तक्ते सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतात, ते एक्सेलमध्ये उघडतात. ट्रेलोची मोफत योजना जेएसओएन स्वरूपातली फाइल देते. ती सामान्य माणसाला वाचता येण्याजोगी नसते.

म्हणूनच मूळ ऐवज यांपैकी कशातही ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. मोफत योजनेत एका फाइलची कमाल मर्यादा नोशनमध्ये ५ एमबी आणि ट्रेलोमध्ये १० एमबी आहे, आणि जुन्या पत्राच्या दोन्ही बाजू चांगल्या दर्जाने स्कॅन केल्या तर ती सहज ओलांडली जाते. पत्रांची स्कॅन केलेली चित्रे माझ्याकडे हार्ड डिस्कवर सालवार फोल्डरांत आहेत, त्यांची दुसरी प्रत भावाकडे आहे, आणि ट्रेलोच्या कार्डावर फक्त त्या फोल्डरचे नाव लिहिलेले आहे.