आईसाठी ब्युरोकडून चोवीस तासांची बाई ठेवली, आठ महिन्यांचा अनुभव आणि खरा खर्च (पुणे)
ब्युरोचं (म्हणजे घरी पेशंट सांभाळायला बाई पुरवणाऱ्या एजन्सीचं) नाव लिहीत नाहीये, कारण आम्ही आणखी तीन ठिकाणी विचारलं तेव्हा पद्धत सगळीकडे साधारण हीच दिसली, मग एकालाच कशाला धरायचं. आई ७४ वर्षांची, पॅरालिसिसने उजवी बाजू गेली, नवव्या दिवशी डिस्चार्ज आणि घरी आम्ही दोघंही नोकरीवाले. वॉर्डातल्या सिस्टरने नंबर दिला, सकाळी फोन केला आणि संध्याकाळी त्यांनी पाठवलेल्या मावशी बॅग घेऊन दारात हजर. एवढं काम ब्युरोने खरंच चोख केलं.

आता पैशाचं. फोनवर रेट सांगितला २७ हजार महिना. त्यावर ३ हजार रजिस्ट्रेशन, पैसे महिन्याचे आगाऊ, मावशींचं चहापाणी आणि दोन वेळचं जेवण आपल्याकडे, महिन्यात दोन सुट्ट्या आणि त्या दिवशी बदली बाई आली तर तिचे ९०० वेगळे. हे ९०० आम्हाला पहिलं बिल आल्यावर कळले. मग रोजचे तीन डायपर धरून महिन्याचे चार हजार, फिजिओवाले आठवड्यातून तीनदा म्हणजे सहा हजार, औषधं साडेतीन, म्हणजे २७ ऐकून घर चालवायला बसलात तर हिशोब ४० च्या वर जातो. आणि हा खर्च दोन-चार महिन्यांचा नाही, वर्षानुवर्षांचा आहे हे पहिल्या दिवशीच धरून चाला.

मेडिक्लेम आहे ना, असं सगळे विचारतात. हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं, डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतली औषधंही मिळाली, पण मावशींच्या बिलाचा एक रुपया नाही मिळाला. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं याला पॉलिसीच्या लेखी उपचार म्हणत नाहीत. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं कव्हर २०२४ पासून आहे, ते कार्ड आईचं काढलंय आणि तुम्हीही जरूर काढा, पण तेही ॲडमिट झालं तरच कामाचं, घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

आम्ही कसं जमवतो ते सांगते. बाबांच्या फंडाचे २० लाख आईच्या नावाने पोस्टात सिनिअर सिटीझन स्कीमला आहेत (मर्यादा ३० लाखांची आहे), ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४१ हजार येतात, फॅमिली पेन्शन १४ हजार, आणि उरलेलं मी आणि नाशिकची ताई अर्धं अर्धं. पहिले तीन महिने मी एकटीच भरत होते, तिच्याजवळ पैशाचं बोलायला जीभच रेटेना. शेवटी खर्चाच्या वहीचा फोटो काढून पाठवला तर तिने त्याच दिवशी तिन्ही महिन्यांचे जीपे केले आणि वर रागावली की आधी का नाही बोललीस.

मावशी म्हणजे सोनं. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने वेळ, १०.१० डावी, १२ उजवी. आईला नीट बोलता येत नाही पण बशीतला चहा आधी मावशींनी फुंकायचा मग ती पिते.

दिवाळीत मावशी चार दिवस गावी गेल्या. सुट्टी पंधरा दिवस आधी सांगितलेली होती. ब्युरोवाले दोन दिवस फोनवर बदली बाई निघालीये, पोचतेच आहे म्हणत राहिले आणि कोणी आलंच नाही, मी रजा काढली, मला जमेल तसं केलं. मावशी परत आल्या, आईचा गाऊन बदलताना थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, माकडहाडाशी लाल झालंय, पाठीवर जास्त वेळ राहिल्या का?" बेडसोरची सुरुवात होती, एअर बेडवर असूनसुद्धा. पुढे तीन आठवडे गेले ते बरं व्हायला.

त्याच वेळी कळलं की २७ मधले मावशींच्या हातात १९ पडतात. दरमहा ८ हजार ब्युरो घेतो ते बदली बाई वेळेवर देण्याचेच ना? ते काम झालं नाही तर ८ हजार कशाचे, हे मी त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं. रागाने नाही, वही घेऊन गेले होते. त्यांनी न आलेल्या बाईच्या दिवसांचे पैसे पुढच्या बिलात वळते केले आणि खाड्याचं, बदलीचं, सुट्ट्यांचं सगळं लेटरहेडवर लिहून दिलं. तुम्ही हा कागद पहिल्याच दिवशी मागा, सोबत बाईच्या पोलीस व्हेरिफिकेशनची झेरॉक्स आणि तिला हातात किती मिळणार तेही विचारा.

आम्ही ब्युरो बदललेला नाही. या महिन्यात मावशींच्या मुलीची बारावीची परीक्षा आहे, त्या आठ दिवस जाणार, तर बदली बाई एक दिवस आधीच आली. काल दिवसभर दोघी मिळून आईची कूस बदलत होत्या आणि कॅलेंडरवर पेन्सिल नवीन बाईच्या हातात होती.