अरुंद रस्त्यांवरची विजेची सायकल : सहा महिन्यांनंतर

ही सायकल मी सहा महिने गावाबाहेरच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर चालवत आहे. तिची २५० वॅटची मोटर पायडलला जोर देते आणि वेग ताशी २५ किलोमीटरवर पोहोचताच मदत थांबवते. सुरुवातीला हे बंधन मला जाचक वाटले, परंतु त्या वेगातही सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर अंतर कापते आणि वळणाआड उभे असलेले जनावर दिसेपर्यंत आपण त्याच्याजवळ पोहोचलेले असतो, हे एकदा वाळूवर मागचे चाक घसरल्यावर पुरते पटले. तेव्हापासून वळणाच्या उतारावर मी १५ च्या वर जात नाही. बॅटरीसह वजन २४ किलो असल्याने ब्रेक वळणाच्या आधीच, दोन्ही एकत्र आणि बेताने दाबावे लागतात. डिस्क ब्रेक पावसातही चोख काम करतात, ओले असताना थोडे किंचाळतात एवढेच. घंटी मात्र अगदीच नावाला होती, ती मी बदलली. पुढच्या दिव्याचा प्रकाश भरपूर आहे, पण झोत इतका वर रोखलेला होता की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत. स्क्रू सैल करून तो रस्त्याकडे वळवल्यावर खड्डेही वेळेवर दिसू लागले.